लाल पेनातून निसटलेलं वाक्य

‘मग?’ या एका शब्दावर मी एकतीस वर्षं नोकरी केली. खरं तर ‘आमेले?’ या शब्दावर म्हणायला हवं, कारण आमची शाळा बनशंकरीत होती आणि वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी कन्नड बोलणारी होती. मी फळ्यासमोर उभी राहून म्हणायचे, ‘व्हेन द बस स्टॉप्ड...’ आणि गप्प बसायचे. पन्नास तोंडं एका सुरात ओरडायची, ‘आमेले?’ मग मी म्हणायचे, ‘द बस स्टॉप्ड.’ यावर कुणी ओरडायचं नाही. बस थांबली, विषय संपला. शेजारच्या वर्गात गणित शिकवणारे सर या आरड्याओरड्याची तक्रार घेऊन दोनदा हेडमास्तरांकडे गेले होते. हेडमास्तरांनी दोन्ही वेळा त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं, कारण इंग्रजीचा निकाल गणितापेक्षा बरा लागत होता.

मी माने मिस. मूळची निपाणीची, लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि इथलीच झाले. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, ‘बाई, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा, पण व्याकरण नको.’ म्हणजे आचाऱ्याला सांगायचं, स्वयंपाकाबद्दल लिहा पण जेवणाचा विषय काढू नका. मी व्याकरणाबद्दलच लिहिणार आहे. ज्यांना दहावीचा निकाल लागला त्या दिवशी इंग्रजी व्याकरणातून सुटका झाल्याचा आनंद झाला होता, त्यांनी घाबरू नये. एकाच परिच्छेदात आटोपते.

क्लॉज म्हणजे वाक्याच्या पोटातलं वाक्य. त्यात कुणीतरी असतं आणि ते काहीतरी करत असतं. जे स्वतःच्या पायावर उभं राहतं ते मुख्य. ज्याला एकट्याने घराबाहेर पाठवलं तर ऐकणारा ‘मग?’ म्हणतो, ते गौण. गौणाच्या तीन जाती. एक नावाच्या जागेवर बसतं: आई काय म्हणाली? तर ‘लवकर ये’ असं म्हणाली. दुसरं माणूस ओळखून देतं: कोणता मामा? जो ऑटो चालवतो तो. तिसरं केव्हा, का, कुठे, जर-तर आणि जरी-तरी सांभाळतं. मराठीत आपण आधी ‘जो’ म्हणून बोट दाखवतो आणि मग ‘तो’ म्हणून माणूस पुढे आणतो. इंग्रजीत माणूस आधी येऊन उभा राहतो आणि त्याची ओळख मागून येते. कन्नडात या जो-तोची फारशी गरजच पडत नाही, ‘ऑटो चालवणारा मामा’ म्हटलं की काम होतं. एवढाच तो बागुलबुवा. बाकी सगळा सराव.

सराव मी पट्ट्यांवर करून घ्यायचे. जुन्या कॅलेंडरांची पानं कापून लांब पट्ट्या करायच्या. एका पट्टीवर एकच घटना, एकच क्रियापद. ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘हू’, ‘दॅट’ हे जोडणारे शब्द लग्नपत्रिकांच्या रंगीत कागदावर. मुलं जमिनीवर बसून पट्ट्या लावायची, जोडायची, भांडायची. माझा नियम एकच होता. पट्टीवर जे लिहाल ते खरोखर घडलेलं असलं पाहिजे.

या नियमामागेही एक प्रकरण आहे. एका वर्षी नववीला ‘सुट्टीतील पाहुणे’ या विषयावर निबंध दिला. घरी वह्या तपासायला बसले तर पहिल्या वहीत लिहिलेलं, ‘माझे मामा, जे अमेरिकेत डॉक्टर आहेत, ते आमच्याकडे आले.’ दुसऱ्या वहीत तेच मामा. तिसऱ्या वहीत तेच. बेचाळीस वह्यांत एकच मामा, आणि सगळीकडे त्यांनी येताना चॉकलेटं आणलेली. गाइडमधून उचललेला निबंध होता. व्याकरणात चूक नव्हती, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. मला इतका राग आला की मी लाल पेन घेतलं आणि प्रत्येक मामाशेजारी समासात तीन शब्द लिहिले, ‘डिड इट हॅपन?’

दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘नो मिस. माय अंकल ड्राइव्ह्ज ऑटो.’ वर्ग हसला. मी म्हटलं, ‘मग तेच लिही.’ तिने लिहिलं, ‘माझे मामा, जे ऑटो चालवतात, ते आले आणि आम्ही सगळे त्यांच्या ऑटोत बसून देवळात गेलो.’ त्या वर्षी मी दहापैकी दहा मार्क दिलेला तो एकच निबंध. तेव्हापासून ते तीन शब्द माझ्या नावाला चिकटले. मुलं माझ्या मागे मला ‘डिडिट मिस’ म्हणायची हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

निवृत्त झाल्यावर मुलगा मला सर्जापूर रोडच्या त्याच्या सोसायटीत घेऊन जायचा. तिथल्या क्लबहाउसमध्ये मी रविवारी सकाळी मोठ्यांचा वर्ग सुरू केला. तिथली गिऱ्हाइकं वेगळीच. पुण्याहून आलेला एक मॅनेजर आपला ऑफिसचा ईमेल घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅम, ॲक्चुअली माझं इंग्लिश चांगलं आहे, पण माझ्या मेल्सना कुणी रिप्लायच करत नाही.’ मेल अकरा ओळींचा होता आणि वाक्य एकच. ‘ज्याच्या संदर्भात’, ‘ज्याअर्थी’, ‘जोपर्यंत’ यांची रांग लागलेली. मी त्याला पेन्सिल दिली आणि सगळी गौण वाक्यं कंसात टाकायला सांगितली. कंस टाकून झाले तेव्हा बाहेर उरलं फक्त ‘काइंडली’.

‘यात लोकांनी करायचं काय आहे?’ मी विचारलं.

त्याने कागद उलटून पाहिला. ‘मॅम, ते लिहायचंच राहिलंय.’

हा किस्सा मी वर्षभर सगळ्यांना हसून हसून सांगितला. दुसऱ्याच्या वाक्यातलं पोकळ काय ते मला लांबून दिसतं, अशी माझी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. म्हणूनच पुढचं लिहायला मला जड जातंय. पण रेणुकाने परवानगी दिली आहे, तेव्हा लिहिते.

रेणुका माझी जुनी विद्यार्थिनी. अथणीकडची माणसं, घरी मराठी, दारात कन्नड. वडील बनशंकरीच्या देवळाबाहेर फुलं विकायचे. शाळेत ती तिसऱ्या बाकावर बसायची, बोलायची कमी आणि पट्ट्या सगळ्यांत आधी लावायची. आता ती पस्तिशीची आहे आणि बेळ्ळंदूरच्या एका ऑफिस-संकुलातल्या पाळणाघरात सुपरवायझर आहे. वीस-पंचवीस लहान मुलं आणि सहा आया तिच्या हाताखाली. आईबाप वरच्या मजल्यांवर संगणकापुढे, मुलं खाली हिच्यापुढे.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी ती दोन बस बदलून माझ्या बनशंकरीच्या घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, ‘मिस, माझी नोकरी जाणार.’

तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं ते असं. पाळणाघराचा नियम आहे की मूल फक्त कार्डावर नाव असलेल्या माणसाच्याच हाती द्यायचं. दुसरं कुणी आलं तर आईला किंवा बापाला फोन करायचा, त्यांनी होकार दिला तर आलेल्या माणसाची रजिस्टरात सही घ्यायची आणि मग मूल द्यायचं. त्या मंगळवारी साडेचारला एका साडेतीन वर्षांच्या मुलीचे आजोबा आले. गावाहून आदल्याच दिवशी आलेले, कार्डावर नाव नव्हतं. रेणुकाने मुलीच्या आईला फोन केला, आईने होकार दिला, रेणुकाने मुलगी दिली. पाच वाजता मुलीचा बाप आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईचा फोन मीटिंगमुळे बंद, आजोबांकडे मोबाइल नाही. तासभर नुसता आकांत. शेवटी आजोबा आणि नात त्यांच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या बागेत आइस्क्रीम खात बसलेले सापडले. मुलगी मजेत होती. पण बापाने लेखी तक्रार केली, आणि आई म्हणाली की मीटिंगच्या गडबडीत आपण फोनवर काय बोललो ते आपल्याला आठवत नाही. रेणुकाला कामावरून घरी बसवलं आणि सोमवारपर्यंत इंग्रजीत लेखी खुलासा मागितला.

‘माझ्यानं व्हणार नाही मिस,’ ती म्हणाली. ‘शाळा सोडून पंधरा वर्षांवर झाली. मी मराठीत सांगतो, तुम्ही स्वल्प लिहून द्या.’ आमच्या सीमाभागात बायकासुद्धा ‘मी सांगतो’च म्हणतात. इतक्या वर्षांनी ते ऐकून मला निपाणीची आठवण आली आणि मी खुशीत कागद पुढे ओढला.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. तिची नोकरी पणाला लागली होती आणि मला मात्र हात साफ करायची संधी मिळाली होती. मी तिला पट्ट्या लावायला बसवायला हवं होतं. ते मी केलं नाही. तिने तासभर सांगितलं आणि मी पाऊण तासात पानभर लिहिलं. पाचच वाक्यं, पण काय वाक्यं! ‘ऑल्दो’ने सुरू होणारी, मध्ये ‘हूज’ येणारी, शेवटी हळूच मुख्य वाक्यावर येऊन टेकणारी. आइस्क्रीम वगैरे मी गाळलं. ऑफिसच्या कागदात आइस्क्रीम शोभत नाही. तिसऱ्या वाक्याचा तोल थोडा डावीकडे जात होता, म्हणून मी तिथे एक गौण वाक्य घातलं: ‘आफ्टर द यूज्वल फॉर्मॅलिटीज हॅड बीन ड्युली कम्प्लीटेड.’ नेहमीचे सोपस्कार रीतसर पूर्ण झाल्यानंतर. वाक्य लगेच सरळ उभं राहिलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि रेणुका मान हलवत राहिली.

‘सरी मिस,’ ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. माझ्या अक्षरातला तो कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला. घरी जाऊन स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला, सही केली आणि सोमवारी ऑफिसात दिला.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ती परत आली. या वेळी चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती, तशीच दारात उभी राहिली.

‘मिस, त्यांनी रजिस्टर उघडून ठेवलं माझ्यापुढं. म्हणाले, सोपस्कार पूर्ण केले म्हणून लिहून दिलंयस, मग सही कुठाय?’

‘कसली सही?’ मी म्हटलं.

‘आजोबांची. मी घेतली नव्हती.’

मी म्हटलं, ‘हे तू मला सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही विचारलं नाही मिस,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. ती फक्त सांगत होती.

आता प्रकरण वेगळंच झालं होतं. आधी ती निष्काळजी ठरत होती, आता खोटारडी ठरली. तिथले मोठे साहेब तिला म्हणाले होते की चूक एक वेळ माफ होते, पण मुलं सांभाळणारी बाई खोटं लिहून देते हे चालायचं नाही. शुक्रवारपर्यंत शेवटची मुदत. आणि हे खोटं तिचं नव्हतंच. ते माझं होतं. वाक्याचा तोल सांभाळायला मी जे घडलंच नव्हतं ते लिहिलं होतं. बेचाळीस मामांवर लाल पेन चालवणाऱ्या बाईने स्वतः त्रेचाळिसावा मामा आणला होता. तोही माझ्याच विद्यार्थिनीची नोकरी पणाला लावून.

‘तू सही करायच्या आधी वाचलं होतंस ना?’ मी विचारलं.

‘वाचलं होतं,’ ती म्हणाली आणि खाली बघू लागली. तिला ते इंग्रजी कळलं नसावं असं मी धरून चालले.

मी म्हटलं, ‘उद्या मी येते तुझ्या ऑफिसात. सांगते त्यांना, हे मी लिहिलंय.’

‘नको मिस. मग म्हणतील, हिला खुलासासुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो, ही काय सुपरवायझर?’ मग तिने विचारलं, ‘पट्ट्या आहेत काय हो अजून?’

पट्ट्या नव्हत्या. कॅलेंडरं होती. गुरुवारी सकाळी दहाला ती आली तेव्हा मी गेल्या दोन वर्षांची कॅलेंडरं आणि एक लाल लग्नपत्रिका कापून ठेवली होती. दिवाणखान्यात सतरंजी घातली. मी खुर्चीवर बसले आणि हात मांडीखाली घेतले, कारण ते पेनाकडे जाणार हे मला माहीत होतं.

‘एका पट्टीवर एक,’ मी म्हटलं. ‘घडलं तेवढंच.’

ती इंग्रजीतच लिहू लागली. मोडकंतोडकं, पण स्वतःचं. आजोबा आले. त्यांचं नाव कार्डावर नव्हतं. मी आईला फोन केला. आई म्हणाली, पाठवा. मी पेन दिलं. इथे ती थांबली.

‘मग?’ मी विचारलं.

‘त्यांचा हात थरथरत होता मिस. पेन धरताच येईना. दोनदा खाली पडलं. रांगेत मागं लोक उभे होते, ते बघाय लागले. आजोबांना लाज वाटली. मी म्हटलं, असू दे आजोबा, मी लिहून घेतो. मग दुसरं पोरगं रडाय लागलं आणि लिहायचं ऱ्हाऊनच गेलं.’

‘हे लिही.’

‘लिहू?’ तिने वर पाहिलं. ‘शाळेत प्रोग्रेस कार्डावर सही करायला अप्पा यायचे, आठवतंय तुम्हाला? बाकीच्या मिस त्यांच्यापुढं सगळ्यांदेखत अंगठ्याचं शाईचं पॅड ढकलायच्या. तुम्ही कधी ढकललं नाही. तुम्ही कार्डावर लिहायच्या, वडील येऊन भेटले. मला वाटलं, तसंच करावं.’

मला ते आठवत नव्हतं. मी ते कुठलं तत्त्व म्हणून केलं नव्हतं, तो माणूस ओशाळायचा आणि मला ते बघवायचं नाही, इतकंच. पण ते ऐकून माझे डोळे भरून आले हे लपवत नाही. तिने पट्टीवर लिहिलं, ‘हिज हँड वॉज शेकिंग.’ दुसऱ्या पट्टीवर लिहिलं, ‘आय डिड नॉट टेक हिज सिग्नेचर.’ लाल पत्रिकेचा ‘बिकॉज’ उचलून दोन्हींच्या मधे ठेवला. मग काढला. मग पुन्हा ठेवला.

‘हे कारण आहे,’ ती म्हणाली, ‘पण माफी नाही. म्हणून याच्यामागं अजून एक पट्टी पाहिजे.’ आणि तिने लिहिलं, ‘बट इट वॉज माय ड्यूटी.’

असल्या पट्ट्या मी वर्गात कधीच करून घेतल्या नव्हत्या.

फोनच्या पट्टीशी आम्ही परत आलो. मी विचारलं, आई नक्की काय म्हणाली? शब्द आठव. रेणुका म्हणाली, ‘म्हणाली, ओके ओके, पाठवा. आणि म्हणाली, त्यांना सांगा तिला खोकला आहे, आइस्क्रीम देऊ नका. मी सांगितलं पण आजोबांना. ते हसले नुसते.’

शनिवारी मी गाळलेलं आइस्क्रीम ते हेच. तेव्हा तिने हेही सांगितलं होतं, आणि मी हात हलवून म्हटलं होतं, ते राहू दे. जे घडलं नव्हतं ते मी घातलं होतं आणि जे घडलं होतं ते गाळलं होतं. ‘लिही,’ मी म्हटलं. ‘जसंच्या तसं लिही.’

दुपारी जेवण झाल्यावर एकोणीस पट्ट्या सतरंजीवर लागल्या. शेवटच्या तीन तिने मला न विचारता लिहिल्या. माझं पहिलं पत्र माझ्या टीचरने लिहिलं. त्यातलं सोपस्कारांचं वाक्य खरं नाही. मी त्यावर सही केली, ही माझी चूक आहे.

‘माझं नाव घाल,’ मी म्हटलं.

‘नको मिस.’

‘घाल म्हणते ना! वर्गात ऐकायचीस तशी ऐक.’ मी जरा आवाज चढवला. तिने निमूटपणे ‘माने मिस’ असं लिहिलं. मिसेस नाही, पूर्ण नाव नाही, नुसतं माने मिस. मी ते तसंच राहू दिलं. दोन ठिकाणी क्रियापदाला ‘एस’ राहिला होता, तोही राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक दिसत असताना पेन उचललं नाही.

शुक्रवारी तिने पट्ट्यांवरून उतरवलेलं पत्र दिलं. मग आठवडाभर काहीच कळलं नाही. रविवारच्या वर्गात माझं लक्ष लागेना. पुण्याच्या त्या मॅनेजरने विचारलं, ‘मॅम, तब्येत बरी आहे ना?’ त्याच्या मेलांना आता उत्तरं येत होती आणि तो खुशीत होता.

पुढच्या शनिवारी रेणुका आली. पिशवीत देवळाबाहेरची शेवंतीची फुलं होती. साहेबांनी दोन्ही पत्रं मुलीच्या आईला वाचायला दिली होती. पहिलं पत्र तिने वाचून बाजूला ठेवलं. दुसऱ्या पत्रात खोकला आणि आइस्क्रीम आलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘हे मीच बोलले होते. हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार?’ रेणुकाला सहीबद्दल एक ताकीदपत्र मिळालं आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. शिवाय साहेबांनी तिला एक काम दिलं. सहा आयांसाठी नियमांचा जो जुना तक्ता भिंतीवर होता, जो कुणालाच समजत नव्हता, तो हिने स्वतःच्या वाक्यांत नव्याने लिहायचा. तो तक्ता मी नंतर जाऊन पाहिला. त्यातला एक नियम सांगते. येणाऱ्या माणसाला सही जमत नसेल तर त्याला बसायला खुर्ची द्या, आईला पुन्हा फोन करा, त्याचं नाव तुम्ही लिहा आणि त्याला दाखवा.

मला हे सगळं ऐकून इतकं बरं वाटलं की मी कॉफी टाकायला उठले. रेणुकाने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. पहिल्या शनिवारी मी लिहून दिलेला, माझ्या अक्षरातला.

‘हे तुमच्याकडंच ठेवा मिस. मला घरात नको.’

मी चष्मा लावला. माझी ती पाच डौलदार वाक्यं. तिसऱ्या वाक्याच्या शेजारी समासात काहीतरी खोडलेलं दिसलं. खोडरबराने घासून कागद पातळ झाला होता, तरी उजेडात धरल्यावर पेन्सिलीचे वळसे दिसत होते. तीन शब्द आणि प्रश्नचिन्ह. ‘डिड इट हॅपन?’

‘हे कधी लिहिलंस?’

‘त्याच दिवशी. घरी जाताना बसमध्ये.’

‘म्हणजे तुझ्या लक्षात आलं होतं?’

‘आलं होतं की.’

‘मग मला फोन का केला नाहीस, रेणुका? खोडलंस का?’

ती ओशाळून हसली. ‘मिसनी लिवलंय म्हणजे घडलंच असंल, असं वाटलं.’

मी कॉफी विसरले. एकतीस वर्षं मी या पोरीसारख्या शेकडो पोरींना हा प्रश्न विचारायला शिकवलं होतं, आणि तो मलाही विचारायचा असतो हे तेवढं शिकवायचं राहिलं होतं. मी टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं, कागद सपाट केला आणि पहिलीतल्या मुलासारखी, सावकाश, तिच्या अक्षरांवरून ते तीन शब्द गिरवले.